पावतीपुस्तक

कोक-जारच्या वरच्या अंगाला, बर्फाच्या रेषेखाली
अक्रोडाचं जंगल आहे. मी त्याचा राखणदार.
सरकारने दिलंय एक टोपी, एक पावतीपुस्तक
आणि पगार, जो ऑक्टोबरात
जेमतेम तीन पोती अक्रोडांइतका भरतो.
घोडा माझा स्वतःचा.

जानेवारीत झुलुमकान वहिनी सापडली.
पाठीवर मॅपलच्या ओल्या फांद्या,
कुऱ्हाड शालीत गुंडाळलेली, तान्ह्या पोरासारखी.
मी पुस्तक उघडलं. ती म्हणाली,
"लिही. नाव नीट लिही.
शेजारी कोळशाचा भावही लिही."
मी पेन झटकलं. शाई गोठली होती.
निदान मी तिला तसं सांगितलं.

कुंपणच शेत खातं म्हणतात.
इथे कुंपणालाही थंडी वाजते.
माझ्या चुलीत काय जळतं
ते कुठल्या पानावर लिहू?

एप्रिलमध्ये शहरातून तिघे आले.
त्यांच्या नकाशात आमचं जंगल गर्द हिरवं,
कुठे म्हणून भोक नाही.
मी म्हटलं, साहेब, वर नका बघू, खाली बघा.
झाडं आहेत, दीडशे-दोनशे वर्षांची,
गुडघ्याएवढं एकही नाही.
ते म्हणाले, लोकसहभाग वाढवा.
सभेला आठ म्हातारे होते
आणि इमामाचा नातू, वय वर्षं चार.

बाकीचे रशियात.
माझा एर्मेकही तिकडेच, बाराव्या मजल्यावर विटा चढवतो.
महिन्याला पैसे धाडतो.
पैसा घरात ठेवला तर वितळतो,
म्हणून त्याची गाय घ्यायची. सगळेच घेतात.
गाय जंगलात जाते
आणि कोवळं दिसेल ते खाते.

म्हणजे हिशेब असा:
पोरगा गेला, त्याची गाय झाली,
गायीने रोप खाल्लं,
रोप नाही म्हणून पुढे अक्रोड नाही,
अक्रोड नाही म्हणून अजून एक पोरगा
बसच्या टपावर बॅग बांधतोय.
ह्याची पावती कोणाच्या नावे फाडू?
गायीच्या?

गेल्या आठवड्यात नाल्याच्या वळणावर
एक दिसलं. टीचभर. चार पानं, तांबूस.
कुण्या उंदराने पुरलेलं आणि विसरलेलं.
घरी जाऊन एर्मेकची लोखंडी खाट सोडवली,
घोड्यावर लादली,
रोपाभोवती उभी ठोकली.
त्याची आई काही बोलली नाही.
गादी तेवढी उन्हात टाकली.

रात्री त्याचा फोन.
"ऑगस्टमध्ये सुट्टी मिळेल बहुतेक.
खाट आहे ना माझी?"
"आहे," मी म्हटलं,
"सध्या तिच्यात कोणीतरी झोपलंय."

सकाळी जाऊन पाहिलं
तर गजांमधून आमच्याच गायीचं नाक आत.
जीभ ताणून ताणून
बोटभर कमी पडत होती.