जास्तीची रोपं

ग्लाझोवला मार्च म्हणजे उणे अठरा,
आणि माझ्या स्वयंपाकघरात जूनची तयारी.
बिया गेल्या साली वाळवल्या होत्या
जुन्या कॅलेंडरच्या पानावर. त्या अजून
तो कागद सोडायला तयार नाहीत.
सोडवत बसले नाही. कागदासकट पेरल्या,
एकेका बीसोबत एकेक तारीख.

केफिरची खोकी आडवी कापून,
खाली रेडिएटर, वर जुनी पिशवी ताणून.
सहाव्या दिवशी पहिली मान दिसली, वाकलेली,
बीचं टरफल टोपीसारखं डोक्यात अडकलेलं.
थुंकी लावून ओलं केलं, नखानं काढलं.
हे पुस्तकात नसतं.

मग विरळणी.
पुस्तक म्हणतं, दोनातलं अशक्त उपटा.
माझा हात दरवर्षी तिथेच अडतो.
बागेतल्या काचघरात जागा अठ्ठावीस रोपांची,
खिडकीत उभी एक्केचाळीस,
उजेडासाठी काचेला गाल लावून,
पोरं बाहेरचा बर्फ बघतात तशी.
तेरा जास्तीची. लांबुडकी, पिवळट,
कंबरेत जोर नसलेली.

जुन्या निळ्या झग्याच्या चिंध्या फाडून
त्यांना काड्यांशी बांधलं
आणि मे महिन्यात तळमजल्यावर ठेवून आले,
पत्रपेट्यांखाली.
चिठ्ठी: घेऊन जा. लाल, गोड. नाव ठाऊक नाही.
संध्याकाळी बारा उरली. सकाळी पाच.
शेवटचं एक, सगळ्यात रोडकं,
तीन दिवस एकटं उभं होतं.
चौथ्या दिवशी तेही नव्हतं. वाटलं,
जिना झाडणारीनं टाकलं असेल.

माझ्या खालच्या मजल्यावर झुफार राहतो.
नऊ वर्षांपूर्वी माझं कपडे धुण्याचं यंत्र फुटलं
आणि त्याच्या नव्या पांढऱ्या छतावर नकाशा उमटला.
तो काय बोलला ते मला पाठ आहे.
मी काय बोलले ते त्याला असेल.
तेव्हापासून जिन्यात समोर आलो की
दोघंही किल्ल्या शोधतो.

जुलैत बाल्कनीत चादर वाळत घालताना
हातातून चिमटा निसटला.
वाकून पाहिलं, तर खाली
रंगाच्या बादलीत माझा निळा झगा:
एक चिंधी, पुरुषभर उंच दांड्याला,
आणि तिच्याभोवती नुसता पाला, पाला,
जंगल. फळं मोजून दोन.
एकही बगलफूट खुडलेली नाही.
आणि तो वेडा, कात्री घेऊन,
फुलांचा घोस कापायला निघालेला.

"अरे, तो नाही! बगलफूट खुड, बगलफूट!"

त्या पाण्यानंतर माझ्या घरातून
त्याच्याकडे पडलेली ही पहिलीच गोष्ट.
चिमटा सोडला तर.

त्यानं वर पाहिलं. टक्कल उन्हानं लाल,
कात्री तशीच उघडी.
मला वाटलं, आता छताचा विषय निघणार.

"कापितोलिना येगोरोव्ना," तो म्हणाला,
नऊ वर्षं न वापरलेलं नाव, अख्खं,
"बगलफूट म्हणजे नेमकी कुठली?"