नव्या कर्मचाऱ्यांसाठी, पहिला तास

बसा. हीटर मागच्या भिंतीला आहे, थंडी वाजते त्यांनी तिकडे सरका.
मी स्काइद्रीते. लिएपायाच्या या इस्पितळात
नोंदणीच्या खिडकीवर एकोणतीस वर्षं.
फळ्यावर संगणक विभागाच्या आंद्रिसनं सात नावं लिहून ठेवलीत.
उतरवून घ्या, परीक्षेत येतात.
मी माझ्या पद्धतीनं सांगते.

फिशिंग.
गावामागचं तळं गोठलं की माझा भाऊ बर्फाला भोक पाडून बसतो,
स्टूल, थर्मास, गळ.
काकडीसारखा वास येणारे बोटभर मासे असतात ते.
तो म्हणतो, माशाच्या मागे लागायचं नसतं,
त्याला भूक कधी लागते, तेवढं ठाऊक हवं.
ईमेलही तसाच येतो,
पगाराच्या आदल्या दिवशी,
साहेबांच्या सहीसकट;
पत्त्यातलं एकच अक्षर
जरासं परकं.

मधला माणूस.
आईला टोरंटोहून मावशीची पत्रं यायची
तेव्हा डिंक दोनदा लागलेला असायचा, कडेला सुरकुती.
कोणीतरी वाफेवर उघडायचं, वाचायचं, पुन्हा चिकटवायचं.
शेवटी शेवटी आई उत्तरात
त्या वाचणाऱ्यालाही नमस्कार लिहू लागली.
आता तो बसस्टँडवरच्या फुकट वायफायमध्ये बसतो
आणि त्याला किटली लागत नाही.

पासवर्ड. हसू नका.
माझा होता कुत्र्याचं नाव आणि त्याचं जन्मसाल.
कुत्र्याचा फोटो साऱ्या गावानं पाहिलेला,
वाढदिवसाच्या केकसकट.
आंद्रिसनं माझ्यादेखत यंत्राला ओळखायला लावला.
मी खुर्ची पुढे ओढेपर्यंत ओळखून झाला होता.

गर्दीचा हल्ला.
समजा, माझ्या खिडकीपुढे हजार माणसं.
कोणालाच काही दुखत नाही,
प्रत्येक जण फक्त विचारतो, किती वाजले?
आणि पार मागे, दाराबाहेर, कळांनी वाकलेली एक बाई.
त्या हजारांत कोणाच्या घरातला कॅमेरा असतो,
कोणाच्या पाळण्यावर लक्ष ठेवणारं यंत्र.
मालक झोपलेला, त्याला पत्ताही नसतो
की आपलं यंत्र रात्री चोरांच्या रांगेत उभं राहून येतं.

पाचवं नाव आंद्रिसनं लाल खडूनं लिहिलंय.
नोव्हेंबर. मंगळवार. सकाळचे सहा चाळीस.
सगळे पडदे एकदम काळे
आणि त्यावर शुद्ध लॅटव्हियन, व्याकरणाची एक चूक नाही:
"आपल्या फायली सुखरूप आहेत. फक्त आपल्याला उघडता येणार नाहीत."
बाजूला उलटं चालणारं घड्याळ.

तळघरातून अठ्ठ्याऐंशी सालचे कार्डांचे खण वर आणले.
बुरशी. कार्बन पेपर कोणाकडे? माझ्याकडे.
ज्याचा त्याचा रक्तगट पुन्हा तपासायचा,
मिर्द्झा सिस्टर हातावर पेननं लिहून पळायची.
असे अकरा दिवस.
माळीकाम करणारा विटाउत्स, मेंदूत गाठ अडकलेली,
त्याला घेऊन अँब्युलन्स रीगाला गेली, दोनशे किलोमीटर.
वाचला. मला दिसतो बाजारात.
कप उजव्याच हातानं धरतो.

पैसे दिले का, हे सांगायची मला परवानगी नाही.
चोर सापडला का? नाही.

आणि दरवर्षी मागून कोणीतरी विचारतंच,
दार उघडलं कोणी?

पगाराच्या आदल्या दिवशीचा तो ईमेल.
मी चष्मा घरी विसरले होते.
दाबलं, तर एक कोरा कागद उघडला, बाकी काही नाही.
मी तो मिटला. चहा घेतला.
इतकी वर्षं झालेली बाई, कोणाला काय सांगणार?
कोणाला काही बोलले नाही.
नऊ दिवस.
त्या नऊ दिवसांत ते आत सगळीकडे फिरत होते,
एकेक खोली पाहत,
आणि मी वर खिडकीत बसून
लोकांना म्हणत होते, पुढचे या.

हे फळ्यावर नाही.

आंद्रिसचा नंबर लिहून घ्या, वहीत नको, हातावर.
रात्री तीनलाही उचलतो.
ओरडत नाही. मी विचारून ठेवलंय.

सहावं आणि सातवं तोच सांगेल.
चहा बाहेर आहे.