एक पान पुढे

सहाला लायल गोठ्यातून येतो, भुवयांवर बर्फ घेऊन.
पायरीवर बूट आपटतो, ठक् ठक्,
तीच आमची घंटा.

दरसाल एक फॉर्म येतो. शाळेचं नाव?
यंदा मी लिहिणार होते: स्वयंपाकघरातलं टेबल.
त्याच्या एका टोकाला पाकाचा चिकट डाग,
दुसऱ्या टोकाला जगाचा नकाशा,
परवाच एझ्राने त्यातला अख्खा पॅसिफिक दुधात बुडवला.

आधी वचन, मग प्रार्थना, मग पाढे.
ओबेड पाच वर्षांचा, एकदा सुरू झाला की थांबत नाही:
आजीचा गुडघा, ऱ्हेटाबाईंचा बंद पडलेला ट्रॅक्टर,
लंगडी कोंबडी, आजीचा दुसरा गुडघा...
तव्यावर करपल्याचा वास येतो.
मी एक डोळा उघडते.
आमेन, म्हणते, आणि उलथनं घेऊन पळते.
देव समजून घेईल. त्यालाही घर चालवायचं आहे.

टपालखात्यातली बाई विचारते, मुलांना मित्र कुठले हो?
सगळ्यात जवळचं घर चार मैलांवर.
मी म्हणते, आहेत ना,
आणि घरी येईपर्यंत गाडीत मोजत बसते.

आज अपूर्णांक काढायला बसलो तोच लायलची हाक आली.
पहिलटकर गाय अडली होती.
त्याचा हात जाड. टिर्झाचा बारीक.
तेरा वर्षांची माझी पोर कोपरापर्यंत आत गेली,
डोळे मिटून, ओठ हलत होते,
प्रार्थना होती की मोजणी, मला कळलं नाही.
एक खूर, दुसरा खूर, मग नाक.
वासरू गवतावर पडलं, थंड, ओल्या पोत्यासारखं,
श्वास नाही.
एझ्राने त्याच्या नाकपुडीत गवताची काडी घातली.
ओबेड म्हणाला, आमेन म्हणू का?
थांब, टिर्झा म्हणाली, अजून नाही.

नऊपर्यंत घर झोपलं.
स्टोव्हपाशी जुन्या रजईवर ते वासरू.
मी उद्याचा धडा उघडला.

हे कुणाला ठाऊक नाही, लायललाही अर्धंच:
नववीत बीजगणिताच्या बाई म्हणाल्या होत्या,
तुला जमायचं नाही, रोजलिन,
आणि मी ते वचनासारखं पाठ केलं.
म्हणून रोज रात्री शिकते, मुलांच्या एक पान पुढे.
सकाळी फळ्यापाशी अशी उभी राहते
जणू हे मला जन्मापासून येत होतं.

काल रात्रीचं गणित पुन्हा पाहिलं.
सतरा गुणिले सहा: मी ब्याण्णव लिहिलं होतं.
आता तिथे एकशे दोन होतं.
खोडरबराची हलकी खूण, पेन्सिलीचं बारीक अक्षर,
दोनचा तो लांब शेपटीचा वळसा, टिर्झाचा.
हातचे चार होते, मी तीन धरले.

आणि आज सकाळी, ओळखूनसवरून,
हीच मुलगी म्हणाली होती,
मॉम, हे परत एकदा समजावशील?
मी समजावलं. चांगलं समजावलं,
असं वाटलं होतं.

कधीपासून?
मागची पानं चाळली.
ऑक्टोबरात एक. कापणीच्या आठवड्यात दोन.
ख्रिसमसच्या आधी एक अख्खी ओळ.
कुठेही फुली नाही, लाल रेघ नाही.

राग आला आधी. खरं सांगते, राग.
मग काय आलं त्याला माझ्याकडे शब्द नाही,
घशाशी काहीतरी अडलं,
आणि ते ओढून काढायला
एवढ्या बारीक हाताचं घरात दुसरं कोण आहे?

रजईवर वासरू शिंकलं.
जिन्यावर पाऊल वाजलं, मग थांबलं.
मी वही मिटली नाही.
म्हटलं, ये खाली. जागीच आहेस ना?
हे पुढचं पान मला येत नाही.