गच्चीवरची झाडलोट

दर रविवारी उन्हं चढायच्या आत
मी गच्ची झाडते.
अम्मा म्हणते, घरात कधी फिरला नाही
एवढा मायेनं झाडू.
आणि केर टाकून देत नाही, ह्याचं तर तिला कोडंच.
पन्हळीखालचा गाळ टबात,
टबात लोहचुंबक, दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं;
पिशवी उलटी केली की
काळी भुकटी कागदावर.

नीलम नगरातली गच्ची आमची.
डावीकडे गड्डमांचे चोवीस माग,
उजवीकडे कासिमभाईंचं वेल्डिंग.
वरून काय पडलं, शेजारून काय उडालं
हे ठरवणं म्हणजे
ताटातली शेंगाचटणी
कुणाच्या उखळातली, ते सांगणं.

अम्माला सांगितलं, उल्का जळते ती
इथून तुळजापूर आणि परत,
एवढ्याच अंतरावर. फक्त सरळ वर.
तिचा धूर राहतो तिथंच, वर्षानुवर्षं,
त्या धुरावर ध्रुवाकडे ढग धरतात,
मध्यरात्री उजळणारे, आपल्याला न दिसणारे.
एखादा थेंब मात्र गोठतो, गोल होतो,
उतरतो कुणाच्याही गच्चीवर.
अम्मा विड्या वळत होती.
सुपातून नजर न काढता म्हणाली,
"तुळजापूरला तर लोक चालत जातात."

चौदा महिन्यांत चौसष्ट गोळे.
कॉलेजातून मागून आणलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली
एकेक बाद होत गेला:
हा फार चकचकीत, हा पोकळ, हा कासिमभाईंचा,
हाही कासिमभाईंचाच.

नान्नांच्या छातीत तीस वर्षांचा कापूस.
त्याचा नमुना कुणी मागितला नाही.
दहा हातांवरून तुटलेला धागा दिसायचा त्यांना;
म्हटलं, बघा तरी एकदा.
खोकला थांबेपर्यंत थांबले,
मग डोळा लावला,
आणि बराच वेळ काढलाच नाही.

"ह्या मळकट गोळ्यावर रेघा आहेत गं.
सगळ्या उभ्या.
ताणा लावलाय कुणीतरी,
बाणा भरायचा राहिलाय."

मी पुस्तक उघडलं. चित्रात त्याच रेघा,
खाली खनिजाचं नाव. नान्नांचं मला जास्त पटलं.

अहमदाबादला पाठवलाय तो, कुपीत घालून.
पोस्टातल्या बाईंनी विचारलं, आत काय?
वजन तर काहीच दाखवत नाही.
उत्तर अजून आलेलं नाही.

कासिमभाई मात्र नाराज आहेत.
"त्रेसष्ट आमचे,
आणि कौतुक त्या एकाचं?"