एक सूत

डॉक्टर म्हणाले, योगा करा.
कुठला, ते नाही सांगितलं.
चौतीस वर्षं उद्यमनगरात लेथवर उभा राहिलेला माणूस मी,
ड्रॉइंगशिवाय जॉब लावायची सवय नाही.

म्हणून आधी हिंडलो.

रंकाळ्यावर पहाटे, कठड्याच्या कडेला सतरंज्या.
मगदूम सर माईकवर श्वास मोजायचे
आणि शंभर पोटं एकदम आत जायची, बाहेर यायची,
भट्टीच्या भात्यागत.
बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.
पण शेजारचे सरनोबत मधेच थांबून
कालच्या जेवणातल्या पांढऱ्या रश्श्यावर यायचे,
आणि माझी कुठली नाकपुडी चालू, कुठली बंद,
हिशेबच चुकायचा.

मग ताराबाई पार्क, लेकीच्या आग्रहानं.
काचेचं दार, आत मुद्दाम तापवलेली खोली.
चाळीस डिग्री अंकल, म्हणाला तो पोरगा, तनिष की कोण,
सगळी घाण घामावाटे जाते.
म्हटलं, बाळा, मे महिन्यात फौंड्रीत
ओतकामाला उभं राहून जे जायचं ते कधीच गेलंय.
उकाड्याचे पैसे मोजायचे, हे काही पटेना.

राजारामपुरीत अष्टांग विन्यास.
आसनाला आसन असं जोडलेलं की मधे फट नाही.
पोरंपोरी पाण्यासारखी एकातून दुसऱ्यात.
बघायला देखणं. लई देखणं.
मी मात्र पाचव्या सूर्यनमस्काराला तालमीत शिरलो,
बापाच्या नजरेखाली, वय वर्षं अकरा,
शंभर झाल्याशिवाय दूध नाही.
दूध आठवलं, खांदा विसरलो.
आठ दिवस हात वर जाईना. शर्ट शैलजानं घातला.

आणि मग मंगळवार पेठेतला तो जिना.
खाली मिरची कांडप, वर उपाध्ये बाईंचा वर्ग.
भिंतीला दोर, कोपऱ्यात लाकडी विटा, पट्टे, घडीच्या खुर्च्या.
वाटलं, चुकून कुणाच्या तरी वर्कशॉपात आलो.
बाई म्हणाल्या, काही करू नका. नुसतं उभं राहा.

उभा राहिलो.
त्या मागं गेल्या. बराच वेळ बोलल्याच नाहीत.
खालून मिरचीचा खकाणा येत होता,
खोकला दाबून धरला होता मी.
मग म्हणाल्या, तुम्ही उजव्या पायावर जगता.
डावी टाच एक सूत बाहेर घ्या.

एक सूत!
साठ वर्षांत माझ्या अंगाशी
माझ्या भाषेत कुणी बोललं नव्हतं.

सरकवली टाच. सूतभरच, कमी नाही, जास्ती नाही.
चकात वाकडा धरलेला जॉब
हातोडीची हलकी टिचकी बसली की
फिरता फिरता डगमगायचा थांबतो ना,
तसं कमरेपासून मानेपर्यंत काहीतरी थांबलं.

घरी येऊन चपला उलट्या करून बघितल्या.
उजवीची टाच पार झिजलेली, डावी नव्यासारखी.
चप्पल ओळीतला सुबराव दर वर्षी म्हणायचा,
एकाच पायानं चालता काय मर्दा?
मी हसून पैसे द्यायचो.

दीड वर्ष झालं.
सरनोबत विचारतात, सगळ्यात भारी कुठला?
सांगतो, ज्याचं त्यानं मापून बघावं.
तुम्हाला श्वास मानवतो, लेकीला घाम,
शैलजाला दुपारी पंख्याखाली शवासन, तेही घोरत.
मला ती वीट आवडते.
त्रिकोणासनात जमीन लांब राहते
तेव्हा ती वर येऊन हाताला भेटते.
आम्ही मशीनखाली पॅकिंग देतो तसं.
त्यात मशीनचा कमीपणा नसतो.

काल बाईंनी पुन्हा मागून बघितलं.
डावा खांदा अजून अर्धा सूत खाली, म्हणाल्या.
म्हटलं, राहू द्या तेवढा.
बेअरिंग अगदी आवळलं तर फिरत नाही,
थोडा खेळ लागतो.

बाई हसल्या नाहीत.
पायानं वीट माझ्याकडं सरकवली.