सोळापेक्षा कमी

केटलर काउंटीच्या रकान्यात आज पुन्हा चांदणी टाकली.
नियमच आहे तसा :
रुग्ण सोळापेक्षा कमी असतील
तर आकडा छापायचा नाही.
इवलासा आकडा उड्या फार मारतो,
एक माणूस इकडचा तिकडे झाला
की रेघ आभाळात, नाहीतर पाताळात.
आणि दुसरं कारण गुप्तता.
कुणाचं कुणाला कळता कामा नये.

कळता कामा नये!
केटलरमध्ये सिग्नल एकच, तोही नुसता पिवळा लुकलुकणारा.
व्हर्ना होलुबचा पिकअप सलग दोन मंगळवार
मोठ्या इस्पितळाच्या रस्त्याला लागला
आणि तिसऱ्या मंगळवारी तिच्या पायरीवर
फॉइलनं झाकलेली नऊ भांडी होती,
तळाला चिकटपट्टीवर ज्याचं त्याचं नाव.
त्यातलं एक माझ्या आईचं.

इथं राजधानीत
नावं खालच्या मजल्यावर थांबतात.
माझ्यापर्यंत वर येतं ते एवढंच :
वय एकाहत्तर. स्त्री. डावा स्तन.
निदानाच्या वेळी पसरलेला.
काउंटी केटलर.
मी चष्मा काढून पुसला.
सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली हिनं,
माझ्या भावाचा बूट सापडेपर्यंत
बर्फात हॉर्न वाजवत थांबायची.

शहराची रेघ मात्र दरवर्षी थोडी चढते.
वार्ताहर फोन करतात, तिकडे जास्त का हो?
हवा? पाणी? धकाधकी?
मी म्हणते, तिकडे यंत्र कोपऱ्यावर आहे.
बायका जेवणाच्या सुट्टीत तपासून येतात,
मक्याच्या दाण्याएवढी गाठसुद्धा
तारीखवार नोंदली जाते.
मोजलं ते दिसतं.
न मोजलेलं निरोगी दिसतं.

केटलरला तपासणीची व्हॅन वर्षातून दोनदा,
धान्याच्या उंच कोठारामागे उभी राहते.
मार्चमध्ये, जेव्हा गाई वितात.
ऑक्टोबरमध्ये, जेव्हा मका निघतो.
ही वेळ कुणी ठरवली असेल
त्याच्या दारात कधी गाय नसावी.
व्हर्नानं अंगावर काढलं.
सगळेच काढतात.
म्हणून त्यांची रेघ खाली, आडवी, गुणी मुलीसारखी,
आणि पान उलटलं की मृत्यूंचा तक्ता
जिथं दोन्ही रेघा एकमेकींना छेदतात
आणि गावाची वर जाते.
पान उलटायच्या आत वार्ताहरांनी फोन ठेवलेला असतो.

दर लाखामागे, असं आम्ही लिहितो.
केटलरची वस्ती चौदाशे बारा.
पहिल्या बैलगाडीपासूनचे सगळे मेलेले उठवून
रस्त्यावर उभे केले तरी लाख भरायचे नाहीत.
शिवाय गाव म्हातारं,
म्हणून सूत्र आधी त्याचं वय उतरवतं,
मगच शहराशेजारी उभं करतं.
हे मला आवडतं, खरं सांगायचं तर.
इतक्या सहज जमत असेल
तर व्हर्नालाही बेचाळीसची करा की,
स्टिअरिंगवर कोपर,
ओठांत न पेटवलेली सिगरेट,
आरशातून मागच्या बाकावर एक डोळा.

दुपारी साहेब म्हणाले, चांदण्या फार झाल्या,
शेजारच्या पाच काउंट्या जोडून टाक,
दहा वर्षं एकत्र कर.
जोडल्या.
आकडा आला, सभ्य, छापण्याजोगा.
व्हर्ना त्यात हातचा म्हणून कुठल्यातरी रकान्यातून
पुढच्या रकान्यात गेली असेल.
मी शोधलं नाही.

रविवारी आईचा फोन.
भांडं परत आलं म्हणाली, घासूनपुसून,
आत रानटी प्लमचा मुरंबा.
रिकामं कसं द्यायचं, म्हणत होती व्हर्ना.
पायरी चढताना दोनदा थांबली.

कशी आहे ती आता, मी विचारलं.

तिकडे थोडा वेळ नुसता वारा.
मग आई म्हणाली,
सगळ्यांचं तुझ्याकडेच येतं ना लिहून?
तूच सांग.