टोच

आधी वाटलं, रात्री मुंगूस येऊन गेलं.
खुराड्याच्या तोंडाशी कवडीची पिसं,
मुळाशी ओली.
कवडी होती जागेवर. पाठीवर
चार बोटं उघडं मांस,
शेपटीच्या बुडाशी रक्ताचा ठिपका,
आणि त्या ठिपक्याकडं बाकीच्या साऱ्याजणी
वाढप्याची वाट बघावी तशा
मान वाकडी करून.

सेलूचा मे महिना. पत्र्याखाली
सावलीलाही घाम फुटतो.
बादली पालथी घातली, पदर डोक्यावर घेतला
आणि बसले राखणीला.
संशय होता कोंबड्यावर, मिजासखोर मेला.
पण तो चोच वासून नुसता धापा टाकत होता.
तासाभरानं उठली ती भुरी.
माझी भुरी. रोजचं अंडं देणारी,
ओंजळीतून दाणे टिपणारी.
चालत गेली. घाई नाही, राग नाही.
गव्हातला खडा वेचावा तसं
कवडीचं एक पीस उपटलं
आणि गिळलं.

जुबेदा आपा भिंतीपलीकडून म्हणाल्या,
"आत किती हायेत?"
"चौदा. गाडीवाल्यानं सात पिलं स्वस्तात दिली."
"आन् खुराडं कितीचं?"
"सातचं."
आपांनी आमच्या दोन खोल्यांकडं बघितलं,
दोरीवरच्या नऊ जणांच्या कपड्यांकडं बघितलं,
काही बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, "मारू नको तिला.
नुसत्या ज्वारीवर ठेवलीस, वर रिकामी ठेवलीस.
आन् हळद लावून भागायचं नाही,
लाल दिसलं की पुन्हा टोचतील. जांभळं औषध लाव."

लावलं. चार दिवस बोटं जांभळी.
रेशनवाला म्हणाला, "मावशी, किती येळा मत दिलं?"

कवडी डालग्याखाली. भुरी
जुन्या कूलरच्या सांगाड्यात, एकटी.
जाळीतून बघत राहायची. अंडं बंद.
इकडं मी गोणपाट बांधलं उन्हाच्या बाजूला,
करडीची पेंड भिजवली, चुलीची राख पसरली,
शेवग्याच्या डहाळ्या टांगल्या, मुद्दाम उंच,
उडी मारल्याशिवाय पान मिळू नये अशा.
चौथ्या रात्री अंधारात
भुरीला हळूच आत सोडलं.

सकाळी मधली दांडी मुंडीनं धरलेली.
भुरी पार कडेला, भिंतीला चिकटून.
पाला आला की सगळ्यांच्या मागून जायची.
मला उगाच वाईट वाटलं.
न्याय झाला होता तरी.

कवडीच्या पाठीवर आता काड्या फुटल्यात,
रिफिलीसारख्या, आत काळी शाई.
"शिवू नको," आपा म्हणाल्या,
"कोवळ्या पिसात रगत असतं.
पीस पिकलं की आटतं."

आज पाच अंडी. कुणाचं राहिलं, नाही मोजलं.
दुपारी भंगारवाल्याकडं गेले,
अजून एक सांगाडा हवा म्हणून.
त्यानं एक काढला, म्हणाला,
"ह्यो लई मोठा हाय, कोंबड्यांला कशाला एवढा?"
म्हटलं, असू दे.
मोठाच दे.